एकच फळी

१९ जानेवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण आईची अट. "फोनवर तुम्ही दोघं दोन मिनिटांत हातघाईवर येता. काय ते कागदावर लिहा, कागदाला आवाज नसतो," असं ती म्हणाली आणि मला ते पटलं.

घरात येऊन आज बरोबर पाच आठवडे झाले. खाली तीन खोल्या, वर दोन. सगळ्या भिंती मी स्वतः ओळंबा लावून पाहिल्या. दर्शनी भिंत दहा फुटांत फक्त दीड सूत कललेली आहे. सूत म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण पत्र वहिनी वाचणार असेल तर तिला सांग, इंचाचा आठवा भाग. वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे. आम्ही आलो तेव्हा ती काळीठिक्कर होती. तीन आठवडे रोज दुकानातून आल्यावर घासली, तीन वेगवेगळ्या नंबरांचे घासकागद वापरले आणि आता पॉलिशचा चौथा हात द्यायचाय. तोंड दिसतं तिच्यात. चपला घालून वर जायला मी सगळ्यांना बंदी केलीय.

आता मुद्द्याचं. खालची स्वयंपाकघराशेजारची खोली आईची. तिचे गुडघे बघता जिना नकोच. पण त्या खोलीला खिडकी नाही आणि स्वयंपाकघराला भिंतभर खिडकी आहे. मधली भिंत काढली की आईला दिवसभर उजेड आणि बोलायला माणूस, दोन्ही मिळेल. भिंत काढता येते का, याचा मी नीट विचार केलाय. वरच्या फळ्या या भिंतीला काटकोनात धावतात. फळ्या नेहमी वाशांवर आडव्या ठोकतात, म्हणजे वासे भिंतीला समांतर. म्हणजे भिंतीवर एकही वासा टेकलेला नाही, ती नुसता विटांचा पडदा आहे. छताला खालून गिलावा असल्यामुळे वासे दिसत नाहीत, पण विचार केला की दिसतात.

सहा वर्षं आई तुझ्याकडे आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत होतो, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. आता उघडतो. दहा मार्चला तिला घेऊन ये.

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पॉलिशचा भाग तिने तिसऱ्यांदाही वाचायला लावला.

तुझा विचार बरोबर आहे, पण विचाराने वासा दिसत नाही. भिंतीच्या बरोबर वरची एक फळी उचल आणि खाली डोकाव. एकच फळी. अर्ध्या तासाचं काम. मी बत्तीस वर्षं गवंडीकाम करतोय आणि न बघता अजून एकही भिंत पाडलेली नाही. बघून पाडल्या, त्यातलीही एक चुकली होती.

आईने बॅग भरून ठेवलीय. रोज काहीतरी बाहेर काढते आणि परत भरते. दहा मार्च नक्की.

फळी उचलून पाहिलीस की कळव.

दादा


६ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. फळी उचलून पाहिली. वासे समांतरच आहेत. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

एक मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबा तुला चौदाव्या वर्षी कामावर घेऊन गेले आणि मला "याचे हात नाजूक" म्हणून वजनकाट्यांच्या दुकानात बसवलं. तिथे मला कोणी काही शिकवलं नाही. बंद पडलेले काटे उघडायचे, जोडायचे, परत उघडायचे, असं करत शिकलो. आज चार बाजारांतले काटे माझ्याकडे येतात. एका ग्रॅमचा फरक राहिला तरी मी काटा परत खोलतो, गिऱ्हाईक नको म्हणत असलं तरी. आणि तू मला कालच्या मजुराला सांगावं तसं सांगतोस, एकच फळी, अर्ध्या तासाचं काम.

असो. भिंत गेली. चार दिवस लागले. खालच्या विटा दोन टोल्यांत सुटत होत्या, दमवलं ते सगळ्यात वरच्या थराने. छताला लागून असलेली वीट न् वीट इतकी घट्ट बसली होती की छन्नीने तुकडे करून काढावी लागली. जुन्या कारागिरांचं काम, तुला आवडलं असतं. उघडी जागा नऊ फूट चार इंच दोन सूत. दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच भिंत ठेवलीय, तिथे मांडण्या करीन.

सकाळी आठ वाजता ऊन आईच्या कॉटच्या जागेपर्यंत येतं. ही म्हणाली, "एवढ्या उजेडात आता भांडी नीट घासावी लागणार." लेकीने बरोबर वरची खोली पटकावली. कॉट आणि पुस्तकांचं कपाट खोलीच्या मधोमध, कारण भिंतीला टेकवलं तर म्हणे चित्रं लावायला जागा राहत नाही.

आईला सांग, छताला एक चीरसुद्धा नाही.

तुझा,
धाकटा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. वरचा थर घट्ट होता हे वाचलं, पत्र खाली ठेवलं, चहा पिऊन आलो आणि परत वाचलं.

वीट कारागिरीमुळे तशी घट्ट बसत नाही. डोक्यावर दाब असला की बसते. ज्या भिंतीवर काहीच टेकलेलं नसतं, तिच्या वरच्या थरात फट असते, वीट हाताने हलते.

तू पाहिलंस म्हणतोस. मग लिही, वासे किती आहेत, दोन वाशांमधलं अंतर किती आणि वासा केवढा जाड.

बाबांचं आपण समोरासमोर बोलू. आई म्हणते मी तुझ्यामागे उगाच लागलोय. तसं असलं तर मला आनंदच आहे.

दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वासे सात. अंतर अठरा इंच. जाडी तीन बाय आठ. झालं समाधान? वरच्या थराचं म्हणशील, तर जुना चुना मुरला की दगड होतो, हे मी वाचलंय.

मी मात्र कामं थांबवलेली नाहीत. आईच्या कॉटशेजारी तिचा हात सहज पोचेल अशी मांडणी केली. बसल्या जागेवरून तिचा हात दोन फूट एक इंच जातो, मागच्या खेपेला मी मोजून ठेवलं होतं. स्वयंपाकघराचा ओटा हिच्या उंचीला पाच सूत खाली होता, तो उचलून घेतला.

लेकीच्या खोलीचं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलंय. पॉलिशचा वास जावा म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवतो, लाकडाने ओल धरली असणार. रंध्याने सूतभर काढलं. आता बोटाने ढकललं तरी फिरतं.

दहा मार्चला कोणत्या गाडीने येताय ते कळव. घ्यायला येईन.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र वाचून झालं की खिशात टाकू नकोस, कामाला लाग.

तू उघड्या जागेची लांबी लिहितोस नऊ फूट चार इंच दोन सूत. आईचा हात किती जातो तेसुद्धा मोजून ठेवतोस. आणि वाशांचं अंतर लिहितोस अठरा इंच. पुढे ना सूत, ना अर्धा सूत. तू मोजलं असतंस तर सगळी अंतरं वेगवेगळी लिहिली असतीस आणि वर त्या सुताराला नावं ठेवली असतीस. मी तुला पाळण्यात असल्यापासून ओळखतो.

दुसरं, ओलीने फुगलेलं दार पूर्ण कडेने घासतं. नुसता वरचा कोपरा घासतो तेव्हा दार फुगलेलं नसतं, चौकट वाकडी झालेली असते. आणि चौकट वाकडी होते ती तिच्याखालची जमीन बसायला लागली म्हणून.

लेकीला आजपासून खाली झोपव. कपाट रिकामं कर. जिथे भिंत होती त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, दीड-दीड फुटावर, छताला लागून एक-एक जाड फळी आडवी धर आणि तिच्याखाली तीन-तीन फुटांवर उभे टेकू दे. टेकूच्या पायाखालीही फळी हवी, नाहीतर ते फरशी फोडून खाली जातील. टेकू घट्ट बसवायला पाचरी हळूहळू ठोक. जमीन वर उचलायच्या भानगडीत पडू नकोस, आहे तिथे धरून ठेव.

आईला दहा तारखेला आणत नाही. तिला कारण सांगितलेलं नाही.

दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. वाटलंच होतं मला. सहा वर्षं आई तुझ्याकडे, आणि आता तिला अडकवून ठेवायला तुला दाराचा एक कोपरा पुरला. तू इथे पाऊल टाकलेलं नाहीस. घर पाहिलेलं नाहीस. तिकडे बसून माझ्या आकड्यांतून मला खोटं पाडतोस.

टेकू लावणार नाही. नवीन घरात कोणी छताला टेकू देऊन राहतं का? दारावरून जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो, आधीच त्यांना करमणूक पाहिजे असते. तुझं पत्र हिला दाखवलेलं नाही, उगाच धसका घेईल.

आईची कॉट येणार तिथे छताला केसासारखी एक रेघ आलीय. दोन फूट सात इंच तीन सूत. नव्या रंगाला अशा रेघा येतात. वर पुट्टी भरून घेतली. हे लिहितोय कारण मला काही लपवायचं नाही.

दहा तारखेला तू आणत नसशील तर नऊला मी तिथे येतो आणि आईला घेऊन जातो. दारात उभं राहून अडव मला. बघू.

धाकटा


२५ फेब्रुवारी

ती. दादांना,

शि. सा. नमस्कार. मी तुम्हाला पत्र कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं १९ तारखेचं पत्र परवा यांच्या शर्टाच्या खिशात सापडलं. शर्ट धुवायला घेतला होता. वाचायला नको होतं, पण वाचलं.

फळी उचलून पाहिली असं यांनी तुम्हाला लिहिलेलं दिसतं. वरची जमीन मी रोज पुसते. फडकंसुद्धा कोणतं घ्यायचं ते यांनी ठरवून दिलंय. त्या जमिनीवर पटाशीचा एक ओरखडा नाही. एकही फळी जागची हललेली नाही.

दार यांनी काल दुसऱ्यांदा रंधलं. आता त्याच्या वरच्या कोपऱ्यातून माझी करंगळी जाते. लेकीला मी परवापासून खाली घेतलंय. माझी पाठ धरलीय, कोणीतरी जवळ हवं, असं सांगितलं. यांनी लगेच माझ्यासाठी लेपाची बाटली आणली. रोज विचारतात, आज कशी आहे. मी म्हणते, बरी आहे.

मी ओट्याशी उभी असते तेव्हा सारखं वर लक्ष जातं. कपाट मला एकटीला हलत नाही. मी बोलले तर हे ऐकणार नाहीत, उलट तिथेच कॉट टाकून झोपून दाखवतील. यांना खोटं बोलायची सवय नाही, म्हणून एकदा बोलल्यावर मागे कसं यायचं ते कळत नाहीये.

मी लिहिलं हे यांना सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
धाकटी भावजय


२ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. दुपारी फोनवर "लागले" एवढंच सांगितलं. बाकीचं लिहितो.

सकाळी तुझा फोन आला तो मी भांडायच्या तयारीनेच उचलला. तू ओरडला नाहीस, तिथेच माझं भांडण संपलं. "तू फळी उचललेली नाहीस, मला माहीत आहे. आधी कपाट खाली आण. मग पटाशी घे. टेकू लागले की फोन कर, एक शब्द सांग, बाकी नंतर लिही." आणि ठेवलास. तुला कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. ही समोरच उभी होती आणि तिने नजर वळवली नाही.

जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा मी पटाशी घेऊन वर गेलो होतो. भिंतीच्या रेषेवर गुडघे टेकून बसलोही होतो. चौथा हात दोन दिवसांपूर्वीच दिला होता. फळीत माझं तोंड दिसत होतं. पटाशी फटीला लावली आणि मनात म्हटलं, आपलं गणित बरोबर आहे, कशाला ओरखडा पाडायचा. उठलो, खाली आलो, भिंत पाडायला घेतली आणि तुला लिहिलं की पाहिलं.

आज उचलली. खाली वासा नव्हता. खाली आणखी एक फळी होती, जुनी, आणि भिंतीच्याच दिशेने धावणारी. कोणीतरी कधीतरी जुन्या जमिनीवरच नवी जमीन आडवी ठोकून टाकली होती. मी जिच्यावरून गणित केलं ती ही वरची. जुनी फळी काढली तेव्हा वासे दिसले. ते भिंतीला समांतर नाहीत. भिंतीवर येऊन टेकणारे आहेत, म्हणजे होते.

वासे नऊ आहेत, सात नाहीत. अंतरं पंधरा इंच पाच सूत, सोळा इंच एक सूत, चौदा इंच सात सूत. पुढची लिहीत नाही. प्रत्येक वासा दोन तुकड्यांचा आहे आणि दोन्ही तुकड्यांची टोकं त्या भिंतीवर शेजारी-शेजारी टेकवलेली. आता त्यांच्याखाली हवा आहे. कडेच्या दोन वाशांना मी मांडण्यांसाठी ठेवलेली भिंत मिळालीय. मधले सात नुसत्या फळ्यांच्या खिळ्यांवर लोंबकळत होते. मधला सहा सूत खाली आलाय.

लेकीचं कपाट पुस्तकांसकट दोनशे चौदा किलो. हे मला आज कळलेलं नाही, आणताना मीच तोललं होतं. ते बरोबर त्या मधल्या टोकांवर उभं होतं. शेजारी तिची कॉट.

पुस्तकं आम्ही तिघांनी भिंतीच्या कडेकडेने चालत खाली आणली, प्रत्येक खेपेला हातात मावतील तेवढीच, मागून रिकामं कपाट. लेकीने विचारलं, "बाबा, मी यावर किती दिवस झोपले?" म्हटलं, "अठरा." ती हातातली पुस्तकं ठेवायला खाली जाऊन परत आली आणि पुढचा गठ्ठा उचलला.

टेकू आठ लावले. तुझ्या पत्रातलं एक अक्षर बदललं नाही. पत्र हिच्या हातात होतं, ती वाचत होती, मी करत होतो. तिसऱ्या टेकूची पाचर ठोकताना छतातून आवाज आला, ओलं लाकूड पिळावं तसा. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा माझ्या खांद्यावर पडला. मी हातोडा खाली ठेवला. मी खाली, वर सात वासे, आणि एक टोला जास्त बसला तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. ज्याची मोजणी येत नाही असं काम मी आजवर हातात घेतलेलं नाही. मग ही म्हणाली, "दादांनी हळूहळू लिहिलंय, थांबा असं लिहिलेलं नाही. ठोका." ठोकली. आठव्यानंतर मी दारात जाऊन बसलो. समोरच्या शिंप्याने विचारलं, "काय हो, घराला कुबड्या?" म्हटलं, "हो. चूक झाली माझी." तो आत गेला.

आता भिंतीच्या जागी वाशांखाली आडवी तुळई घालावी लागणार. केवढी, कशाची, वर कशी चढवायची, मला येत नाही. पुस्तकात मिळेल, पण हे पुस्तकातून करणार नाही. तू ये.

आईला आणू नकोस. ही एवढी ओळ लिहायला मला पाऊण तास लागला.

तुझा,
धाकटा


५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. पत्र आईला वाचून दाखवलं. काही भाग गाळणार होतो, पण ती समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होती.

शनिवारी सकाळी पोचतो. तोवर रोज सकाळी प्रत्येक पाचर हाताने हलवून बघ. ढिली वाटली तर एक टोला, दुसरा नाही. वर कोणी जायचं नाही. जमीन पुसायलाही नाही, हे तुझ्या बायकोला सांग. तिने मला पत्र लिहिलं नसतं तर मी अजून तुझ्या उत्तराला उत्तर लिहीत बसलो असतो.

मलाही एक लिहायचंय. तू म्हणालास मी आईला अडकवून ठेवतोय. ते अगदीच खोटं नव्हतं. दाराचा कोपरा घासतोय हे वाचलं तेव्हा आधी पोरीची काळजी वाटली. ती खरी होती. पण तिच्या पाठोपाठ बरं वाटलं. वाटलं, आता दहा तारखेला ही जात नाही. सकाळी कामावर निघताना तिचं "सावकाश चढ रे परांचीवर" ऐकायची सवय झालीय मला. तुझी पोर त्या जमिनीवर झोपत होती आणि मला बरं वाटलं. फोन हाताशी होता. अशा वेळी माणूस त्याच मिनिटाला फोन करतो. मी आईची अट पुढे केली आणि पत्र टाकलं. तुला पोचायला तीन दिवस लागले. तुझं फळीचं झालं, माझं हे.

हे सगळं आईलाही सांगितलं. तिने भरलेली बॅग कॉटवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे एकाने मला नेण्यासाठी खोटं लिहिलं, आणि दुसऱ्याने ठेवण्यासाठी उशीर केला. मला कुठं राहायचंय ते विचारलंत का दोघांपैकी कोणी?"

मी विचारलं. ती म्हणाली, शनिवारी मीही येणार. काम चालेल तेवढे दिवस समोरच्या त्या शिंप्याकडे बसेन, माणूस गप्पिष्ट दिसतो. तुळई चढली की माझी कॉट बरोबर तिच्याखाली टाका. मी म्हटलं, आई, कडेला टाकू, भिंतीजवळ. तर म्हणाली, "का? दोघं मिळून बसवणार ना? मग तिच्याखाली आईला झोपवायला कसली भीती?"

मी कागद घेऊन तुळईचा हिशेब करायला बसलो. तिला उत्तर देता आलं तर तूच दे.

साडेनऊ फुटांच्या अंतराला दहा इंच उंचीची तुळई पुरते. आपण बारा इंची घेऊ.

दादा